पंधरा पाळ्यांचा महिना: सातपूरमधल्या एका घराचे जुलै ते ऑक्टोबर

नाशिक अडचणीत आहे असं म्हटलं तर गंगापूर रोडवरचा माणूस हसेल. टॉवर उठताहेत, सिंहस्थाच्या नावाने रस्ते खणलेत, द्राक्षं परदेशी जातात. पण सातपूर आणि अंबड एमआयडीसीतला बराच मोठा पसारा गाड्यांच्या सुट्या भागांवर उभा आहे. मोठ्या कंपनीने महिन्याचं शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, कापलं की ती कात्री भाग पुरवणाऱ्या व्हेंडरकडे येते, व्हेंडरकडून त्याच्या जॉबवर्कवाल्याकडे जाते आणि शेवटी कंत्राटी कामगाराच्या हजेरी कार्डावर चालते. शहर धडधाकट असतं, त्यातली चार-पाच किलोमीटरची पट्टी मात्र तीन-चार महिने आजारी असते.

अशा एका तिमाहीचा हा हिशोब. घर नमुन्याचं आहे: श्रमिकनगर, अशोकनगर, चुंचाळे भागातल्या घरांत जे दिसतं ते एका घरात आणून मांडलंय, आणि रकमाही नमुन्याच्याच आहेत. कायद्याच्या आणि योजनांच्या गोष्टी मात्र आहेत तशा दिल्या आहेत.

घर असं. नवरा अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवतात तिथे) ठेकेदारामार्फत ऑपरेटर, पाळीला 520 रुपये. बायको दोन घरची धुणी-भांडी करते, महिन्याला 3,000. तिच्या खात्यात लाडकी बहीणचे 1,500 येतात, तारीख नक्की नसते. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. मूळ गाव साक्री तालुक्यात. राहायला पत्र्याची एक खोली, भाडं 4,000, संडास सामाईक.

भरल्या महिन्यात 26 पाळ्यांचे 13,520 होतात. त्यातून पीएफ 12 टक्क्यांनी 1,622, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्क्याने 102 आणि व्यवसाय कर 200 वजा जाऊन हातात 11,596 येतात. त्यावर 40 तास ओव्हरटाइम (ओटी). कायद्याने दुप्पट दर हवा, म्हणजे तासाला 130. मिळतो सिंगल, 65 ने, तोही रोख पाकिटात. त्याचे 2,600. अशी नवऱ्याची कमाई 14,196 आणि घराची 18,696. खर्च 18,520. वर 176 रुपये उरतात, त्यांना शिल्लक म्हणायचं की सुटे, हे ज्याने त्याने ठरवावं.

मंदी येताना आधी ओटी जातो. मग थर्ड शिफ्ट बंद होते, मग शनिवार सुट्टीचा होतो, मग हेल्परना थांबवून ऑपरेटरलाच मालाची बिनं ओढायला लावतात. जुलैत हजेरी 15 पाळ्यांवर आली. 15 पाळ्यांचे 7,800. पीएफ 936, ईएसआय 59, व्यवसाय कर 175. हातात 6,630. पाळ्या 42 टक्क्यांनी घटल्या, पण ओटी गेल्यामुळे हातातली रक्कम 53 टक्क्यांनी घटली. ‘निम्मं काम तर आहे ना’ असं म्हणणाऱ्याला हा फरक दिसत नाही. घरात एकूण 11,130 आले.

खर्चाच्या बाजूला पाहिलं तर चार रकमांना तारीख आहे. भाडं 4,000, लाइट 720, बायकोच्या नावावरच्या मायक्रोफायनान्सचे (बायकांच्या गटातून घेतलेलं छोटं कर्ज) पंधरवड्याला 1,150 प्रमाणे 2,300, आणि मोबाइलचा हप्ता 1,000. एकूण 8,020. त्या थांबत नाहीत. म्हणजे किराणा, दूध, भाजी, गॅस, पेट्रोल, रिचार्ज, क्लास या सगळ्यांना आधी 10,500 होते, आता 3,110.

पाळ्या जुलैत तुटल्या, पण घरातला पैसा तुटला 12 ऑगस्टला, कारण ठेकेदाराचा पगार पुढच्या महिन्याच्या 12 ला होतो. हा महिनाभराचा उशीर फसवा आहे. जुलैत घर जुन्याच सवयीने चालतं, शाळेच्या वह्या-गणवेशाची जूनची उधारी त्याच पगारातून भागवली जाते, आणि कात्री लावायला सुरुवात होते तेव्हा पहिला महिना हातचा गेलेला असतो. ओटी बंद झाला त्या आठवड्यातच खर्च आवरणारी घरं थोडी, पण ती वाचतात.

हप्त्याची तारीख

मोबाइलचा हप्ता 5 तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. पगार 12 ला. एरवी मागच्या पगारातले हजार रुपये खात्यात पडून असायचे. ऑगस्टच्या 5 ला ते नव्हते. हप्ता परतला, बँकेने 250 अधिक 18 टक्के जीएसटी असे 295 लावले. तीन दिवसांनी फायनान्सवाल्याने तोच हप्ता पुन्हा टाकला, पुन्हा परतला, आणखी 295. फायनान्सचा दंड 500 वेगळा. हजाराच्या हप्त्यापायी 1,090 गेले. शिवाय 12 ला पगार जमा होताच बँकेने आपले 590 आधी वळते केले, म्हणजे 6,630 चा पगार 6,040 होऊनच हातात आला.

उपाय साधा आहे, पण तो हप्ता परतण्याआधी करायचा असतो. फायनान्सच्या ऑफिसात किंवा ॲपवर तारीख बदलून 15 मागायची. बऱ्याच ठिकाणी बदलून मिळते. नवीन मँडेट (खात्यातून कापायची परवानगी) लागतं आणि एखादा महिना मधल्या दिवसांचं व्याज पडतं. तोवर हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पूर्ण रक्कम तरी हवी. नऊशे असून उपयोग नाही, अर्धा हप्ता कापला जात नाही. या घराने सप्टेंबरपासून तारीख बदलून घेतली आणि तो दंड पुन्हा बसला नाही.

मायक्रोफायनान्सची गोष्ट निराळी. तिथे दंडापेक्षा मिटिंग जड जाते. सकाळी गल्लीतल्या एखाद्या खोलीत दहा-बारा बायका बसतात, एकीचा हप्ता कमी पडला की वसुलीला आलेले साहेब उठत नाहीत आणि बाकीच्या तिच्याकडे बघत बसतात. कुणीतरी शेवटी भरते, आणि मग ते शेजारणीचं देणं होतं, ते सगळ्यात आधी फेडावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. ही मर्यादा कर्ज देताना पाहतात, उत्पन्न पडल्यावर नाही. म्हणून अडचण दिसताच शाखेत जाऊन हप्ते पुढे ढकलून मागणं बरं. अर्धवट रक्कम दिली तर ती कार्डावर तारखेसह लिहून घ्यायची; ‘नंतर चढवतो’ म्हणून घेतलेले पाचशे-सहाशे बऱ्याचदा चढतच नाहीत.

लाइटचे बारा रुपये

घरमालक काका महावितरणचं बिल भरतात आणि भाडेकरूंकडून सबमीटरवर युनिटला 12 रुपये घेतात. या खोलीत एक ट्यूब, एक पंखा, टीव्ही आणि मिक्सर, महिन्याला 60 युनिट, म्हणून 720. काका लुटतात असं गल्लीत सगळे म्हणतात. आकडे मांडल्यावर ते अर्धंच खरं ठरतं. पाच खोल्यांचे 300 आणि काकांच्या घराचे 120 मिळून 420 युनिट एकाच मीटरवर येतात. घरगुती दर टप्प्यांचा आहे: 100 पर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे तिसरा. गेल्या काही वर्षांत पहिल्या टप्प्याचा ऊर्जा आकार दुसऱ्याच्या निम्म्याच्याही आत राहिलाय. एकत्र मीटरमुळे 420 पैकी फक्त 100 युनिटांना स्वस्त दर लागतो. वर वहन आकार आणि 16 टक्के विद्युत शुल्क. पाचही खोल्यांना वेगळं मीटर असतं तर प्रत्येकीचे 60 युनिट पहिल्याच टप्प्यात बसले असते. गरिबाने कमी वीज वापरली की स्वस्त पडावी म्हणून केलेली रचना अशी पत्र्याच्या चाळीत उलटी पडते.

वेगळं मीटर मागायला मालकाची संमती आणि जागेचा कागद लागतो. गुंठेवारीच्या (बिनमंजुरी तुकडे पाडलेल्या) प्लॉटवर कागद अर्धे असतात, आणि भाडेकरूच्या नावाने मीटर आलं तर तो खोली सोडणार नाही ही काकांची भीती. मीटर मालकाच्याच नावावर घेऊन खोलीला जोडायचा हा मधला मार्ग काही चाळींत निघालाय. भाडं थकलं म्हणून मालकाने लाइट तोडणं हा मात्र वेगळाच विषय. खुद्द वीज कंपनीलाही थकबाकीसाठी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, काकांनी मात्र नुसता फ्यूज काढला की झालं.

धान्य, गॅस आणि सुट्या पुड्या

रेशनकार्ड गावचं, प्राधान्य कुटुंबातलं, चौघांची नावं. माणशी 5 किलो प्रमाणे 20 किलो धान्य, जानेवारी 2023 पासून फुकट. कार्ड साक्रीचं असलं तरी नाशिकच्या कुठल्याही दुकानात अंगठा देऊन उचलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. पहिल्या खेपेला अडलं ते अंगठ्यावर. प्रेसवर काम करणाऱ्याची बोटं पत्र्याच्या कडांनी आणि तेलाने, भांडी घासणारीची साबणाने आणि तारेच्या घासणीने झिजलेली. ई-पॉस मशीन दोघांचेही ठसे घेईना. अशा वेळी मुलीचा ठसा चालतो, कार्डातला कुणीही एक सदस्य चालतो. डोळ्यांचं स्कॅनर असेल तर ते मागावं. महिना सुरू होताच पहिल्या आठवड्यात जाणं शहाणपणाचं. बाहेरच्या कार्डाचं धान्य दुकानाच्या कोट्यातूनच जातं आणि वीस तारखेनंतर ‘माल संपला’ हे उत्तर खरंही असू शकतं. मुलाची ई-केवायसी राहिली होती, ती मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून झाली.

ज्यांचं कार्ड शहरातलं आणि नुसतं केशरी आहे त्यांना हा आधार नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 59,000 ची मर्यादा आहे, आणि 26 पाळ्या भरणारा कामगार तिच्यात बसत नाही. मग पुढे 15 पाळ्या झाल्या तरी यादीत नाव चढत नाही.

गावाहून आलेली बाजरी आणि रेशन मिळून किराण्यात 1,200 वाचले. पण उरलेला किराणा महाग झाला. एरवी 12 तारखेला महिन्याचा भरला जाणारा माल आता रोज आणला जाऊ लागला: दहाची चहापत्ती, वीसचं तेल, पावशेर डाळ. किलोच्या भावाने पाहिलं तर तोच माल महिन्याला 300 रुपयांनी जास्त पडतो. दुकानदाराची वही असते, पण मागची बाकी दोन हजारांवर गेली की तो डाळ देतो आणि तेलाला म्हणतो, ‘ताई, मागचं थोडं क्लिअर करा.’

गॅसचंही तेच. 14.2 किलोची टाकी 900 ला धरली तर किलोला 63 रुपये. टाकी संपली त्या दिवशी हातात 900 नव्हते, म्हणून छोट्या सिलिंडरमध्ये 3 किलो सुटा भरला, किलोला 110 ने. 141 रुपये जास्त गेले. पैशापेक्षा धोका मोठा आहे: हे भरणं बेकायदा, मोठ्या टाकीतून नळीने उतरवलेलं, आणि आठ बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह थेट टाकीवर बसवलेला. वॉशर झिजला असेल तर गळती कळायच्या आत आग लागते.

भाजीत 500 वाचवता आले. बुधवारी गोदाघाटावरचा बाजार उठायच्या सुमारास गेलं की उरलेला माल वाट्याने मिळतो. दिंडोरी रोडच्या बाजार समितीत मेथी-कोथिंबिरीचे लिलाव शेकड्यावर होतात. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तरच तिकडचा फेरा परवडतो, आणि पावसाळ्यात भाव चढलेला असतो तेव्हा तोही नाही.

फोनची वाट

पाळ्या 15 म्हणजे 15 दिवस मोकळे, असं नसतं. सुपरवायझर रात्री सांगतो, ‘उद्याचं बघतो, सकाळी फोन करतो.’ फोन आला तर अर्ध्या तासात गेटवर, नाही आला तर दिवस फुकट. रोजंदारीच्या मजूर नाक्यावर मात्र आठच्या आधी उभं राहावं लागतं. दहानंतर तिथे कुणी गाडी थांबवत नाही. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. फोन उचलला नाही किंवा ‘आज गावाला आलोय’ सांगितलं की पुढच्या आठवड्याच्या यादीत नाव खाली जातं. त्यामुळे महिन्यात 11 पाळ्या बुडाल्या तरी नाक्याचे दिवस भरले चारच, 600 प्रमाणे 2,400.  अशा ताटकळण्याला कुठे रकानाच नाही. ठेकेदाराकडून आठवड्याची यादी शनिवारीच लिहून घ्यायची एवढी एक गोष्ट चार-सहा जणांनी मिळून मागितली तर मिळू शकते. तिला ठेकेदाराचा एक पैसा लागत नाही.

बायकोलाही वाढीव काम मिळालं नाही. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत मजूर बायकांची पिकअप भरते ती ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढे, थिनिंग-डिपिंगच्या (घड विरळ करून औषधात बुडवण्याच्या) दिवसांत आणि जानेवारीनंतर तोडणीला. जुलै ते सप्टेंबर हा बागेतलाही थंड काळ. कारखान्याची मंदी आणि बागेची सुट्टी एकत्र आली की या पट्ट्यात दुसरा हात उरत नाही.

सगळ्या काटछाटीनंतर महिन्याचं गणित असं बसलं. खर्च 18,520, आवक 11,130, म्हणजे 7,390 ची तूट. पेट्रोल 700, क्लास 600, एक रिचार्ज 300, दूध 450, भाजी 500 आणि किराणा 1,200, असे 3,750 कापले. नाक्याचे 2,400 आले. उरली तूट 1,240. तीन महिन्यांची 3,720. एवढ्यात घर बुडायला नको होतं.

10,151 रुपये

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वही मांडली तेव्हा देणं 10,151 निघालं. तूट वगळता वरचे 6,431 कुठून आले? दंड 1,090, सुटा किराणा 900, गॅस 141. मुलाला ताप आला त्याचे खासगी दवाखान्यात 2,800. आणि ‘डेली’चे 1,500.

डेली म्हणजे 10,000 चं कर्ज, हातात 8,500 देतात आणि रोज 100 प्रमाणे 100 दिवस वसूल करतात. दीड हजार तर व्याज, असं वाटतं. पण मुद्दल रोज फिटत असल्याने वर्षाचा दर 120 टक्क्यांच्या घरात जातो, शेकडा दहाच्या सावकाराइतकाच. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 15 आणि विनातारण 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. ती फारसं कुणी करत नाही, कारण पुढच्या वेळी तोच दारात उभा करावा लागतो. खरा त्रास व्याजाचा नव्हता. रोजचे 100 म्हणजे महिन्याला 3,000 ची आणखी एक तारीखवार रक्कम, आणि सप्टेंबरचं भाडं त्यातच अडकलं.

कानातले टॉप्स घरात होते. बँकेत सोनेतारणावर 10,000 तीन महिने घेतले असते तर 10 टक्क्यांनी व्याज 250, वर प्रक्रियेचा थोडा खर्च. तरी आधी डेली आणि मग सोनं, हाच क्रम घरोघरी दिसतो. डेलीवाला दारात येतो, कागद मागत नाही. बँकेत अर्धा दिवस जातो, आधार आणि पॅन लागतं, सोनार तपासणीला ठरावीक वेळीच येतो, आणि अर्धा दिवस म्हणजे फोन आला तर पाळी गेली. शिवाय दागिना मोडायची वेळ आली हे माहेरी कळू नये, हेही असतंच.

दवाखान्याचे 2,800 सगळ्यात वाया गेलेले. दरमहा ईएसआय कापला जात होता, सातपूरला ईएसआयचं रुग्णालय आहे. पण कार्डात मुलाचं नाव चढवलं नव्हतं. भरती होताना ठेकेदाराच्या माणसाने ‘नंतर टाकू’ म्हटलं होतं. हे काम चांगल्या महिन्यातच करून ठेवायचं असतं: आधार आणि कुटुंबाचा फोटो देऊन.

ईएसआयचा दुसरा फटका या तिमाहीत दिसतच नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा रोख भत्ता मिळतो, पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. या घरात एप्रिल, मे, जूनचे मिळून 78 आणि नंतरचे 45, असे 123 झाले, भागलं. पण शेजारच्या खोलीतल्या कामगाराचा ठेकेदार जूनमध्ये बदलला आणि नव्याने जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला. नव्या क्रमांकावर त्याचे 26 आणि 45 मिळून 71 दिवस. जुन्यावरचे 52 जोडून घेतले नाहीत, तर जानेवारीत पाय मोडला तरी भत्ता अडेल. दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज डिसेंबरच्या आत ईएसआयच्या शाखेत द्यायला हवा.

पीएफचाही घोळ तिथेच. ठेकेदार बदलताना जुन्याने सोडल्याची तारीख टाकली नाही तर पैसे काढण्याचा आणि खातं पुढे नेण्याचा अर्ज अडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की पोर्टलवर कामगार स्वतः ती तारीख टाकू शकतो. आधारला मोबाइल जोडलेला हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. रिचार्ज बंद ठेवून वाचवलेले 300 इथे महागात पडतात: नंबर बंद झाला की रेशन, बँक, पीएफ सगळ्यांचे ओटीपी बंद.

ऑक्टोबरला 26 पाळ्या परत आल्या, त्याचा पगार 12 नोव्हेंबरला. दिवाळीचा वेगळा बोनस नाही. ठेकेदाराच्या स्लिपमध्ये 8.33 टक्के दरमहा दाखवून तो आधीच दिलेला असतो. देण्याचा क्रम घराने ठरवला तो असा: आधी डेलीचे उरलेले दिवस, मग शेजारणीने भरलेला हप्ता, मग थकलेलं भाडं, मग किराण्याची वही. टॉप्स सप्टेंबरात गहाण गेलेच होते, ते मार्चपर्यंत सुटणार नाहीत. बायको नोव्हेंबरपासून दोन घरांपैकी एक सोडून पिकअपने दिंडोरीकडे जाते.